बिड आणि ब्याड

आधीच सांगतो, मी रेडिओ मेकॅनिक माणूस. आवाज बंद पडला तर सोल्डर सुटलं असेल म्हणणारा, भूतबाधा म्हणणारा नव्हे. तरी हे लिहितोय... कारण इतकी वर्षं पोटात ठेवून आता जड झालंय.

सत्तरच्या दशकाचा शेवट. निपाणीत मी आणि संकेश्वरचा बसाप्पा भागीदारीत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचो. मी मशीनवर (ॲम्प्लिफायरला आम्ही मशीनच म्हणायचो) आणि तो झाडावर, भोंगे बांधायला. लोकांना वाटतं, व्हॉल्यूमचा नॉब म्हणजे नुसता आवाज. अहो, नॉब जेवढा फिरवाल तेवढा भोंग्याच्या तारेत करंटचा जोर! आमच्या मशीनवर तो शंभर व्होल्टपर्यंत जायचा. म्हणून नेम ठरलेला — वरचा माणूस ओरडेपर्यंत नॉब शून्यावर. बसाप्पा कानडी. काम झालं की ओरडायचा, ‘बिड!’ म्हणजे सोड. झालं नसेल तर ‘ब्याड!’ म्हणजे नको.

बोरगावात लग्न होतं, सकाळची वेळ. एक भोंगा देवळावर बांधून, वाजवून बघितलेला. दुसऱ्यासाठी बसाप्पा चिंचेवर चढला. मांडवात हलगी कडाडत होती. वरनं हाक आली... मला ‘बिड’ ऐकू आलं. मी नॉब पार शेवटाला नेला आणि माइकवर म्हणालो, ‘हॅलो, हॅलो.’

काहीच नाही. दिवा लागलेला, काटा माझ्या आवाजाबरोबर लाल पट्टीत उडतोय, आणि दोन्ही भोंगे मुके! पाच मिनिटांपूर्वी ठणठणीत वाजलेला देवळावरचासुद्धा. मी वर पाहिलं. बसाप्पा दोन्ही तारा दातांत धरून सोलत होता.

मला नॉब मागं घ्यायचंही सुचलं नाही. त्यानं निवांत तारा जोडल्या, खाली उतरला, टेबलाशी येऊन घाम पुसत म्हणाला, “ब्याड म्हटल्यालं ऐकलंस ते लई बरं झालं रं. तारा दातांत हुत्या. तू हाईस म्हणून मी हाय!”

हे त्याचं बोलणं दोन्ही भोंग्यांतून अख्ख्या बोरगावानं ऐकलं. माइक चालू होता आणि नॉब अजून शेवटालाच होता. मांडवातली माणसं कौतुकानं माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं. फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, नॉबमागचा कंट्रोल, सगळं तपासलं. एक सांधा सैल नव्हता. पुढं कैक वर्षं ते मशीन वाजलं, एकदाही मुकं झालं नाही.

बसाप्पा अजून दर दसऱ्याला सोनं द्यायला येतो. नातवंडांना माझ्या पाया पडायला लावतो. “ह्यानं मशीन धरून ठेवलंतं, न्हायतर तुमचा आज्जा कुठला?” मी दर वेळी “राहू दे रं” म्हणतो... तेवढंच.

मशीन त्या दिवशी का गप्प बसलं, मला आजही ठाऊक नाही. मी का गप्प बसलोय, ते मात्र पक्कं ठाऊक आहे.