अर्धी राहिलेली आरती

आमच्या वस्तीत शनिवारची आरती देवळात संपत नाही. मारुतीचं देऊळ लहान. गाभाऱ्यापुढे पंधरा-वीस माणसं उभी राहिली की पुढच्याला घंटेपर्यंत हात नेता येत नाही. वस्ती मात्र हिंगोलीच्या कडेला, रुळांपलीकडे, पसरत गेली आहे. कोणी तांड्यावरून आलेलं, कोणी सेनगावकडच्या खेड्यांतून. ज्याला जशी जागा मिळाली तसं त्यानं घर बांधलं, त्यामुळे बोळी अशा झाल्या की एकीतून दुसरी कधी फुटली ते कळत नाही. जीप जाईल अशी वाट एकच, आणि तीही चार-पाच ठिकाणी फाटते.

म्हणून माझ्या वडिलांनी एक पद्धत पाडली. आरती भोंग्यावर ऐकायची, आणि शेवटचं कडवं लागलं की आपापल्या बोळीच्या तोंडाशी, मोठ्या वाटेवर येऊन उभं राहायचं. थाळी तिथं येईल. वडील फिरायचे तोवर ते फिरले, गुडघे गेल्यावर मी फिरू लागलो. कोण कुठं उभं राहतं हे आता ठरून गेलंय. नळाजवळ कोण, लिंबाखाली कोण, तुटक्या हौदापाशी कोण. दुसऱ्याच्या जागेवर कोणी उभं राहिलं तर बायका टोमणे मारतात. "तुझ्याकडं देव येत न्हाई का वं, इकडं काहून आलीस?"

मी जन्मानं पुजारी आणि पोटासाठी शाळेतला कारकून. अपराधी वाटून घेण्याची मला जुनी खोड आहे. बायको म्हणते, घरात दूध नासलं तरी हे दुधाची माफी मागतील. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्यातही माझी खंत येणारच, ती वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावी. खरं सांगायचंय ते वस्तीबद्दल.

गेल्या थंडीतली गोष्ट. शनिवार होता, दिवे लागलेले, आरती सुरू होती. वडील नेहमीप्रमाणे दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. माझ्या हातात थाळी, पुढ्यात माइक. तिसरं कडवं लागलं होतं. एवढ्यात जुन्या चक्कीकडची एक सून पायऱ्या चढून आली, अनवाणी, पदराचं भान नसलेली, आणि टाळ वाजवणाऱ्या माझ्या बायकोशी काहीतरी बोलू लागली. मी पाहत होतो. पाहतापाहता हात फिरतच होता आणि तोंडातून कडवं निघतच होतं.

आमच्या घरात आरती अर्धी सोडत नाहीत. वडिलांनी मला थाळी पहिल्यांदा हातात दिली तेव्हा हीच एक गोष्ट सांगितली होती. लाइट गेली तरी म्हणायची, पाऊस आत आला तरी म्हणायची. एकदा त्यांच्या पायाला इंगळी चावली होती, तेव्हाही ते शेवटपर्यंत म्हणून मगच खाली बसले. हे मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आलोय.

बायको माझ्या कानाशी आली. "अहो, थांबवा," एवढंच म्हणाली. तरी मी कडव्याची ओळ पुरी केली. ती एक ओळ माझ्या मनातून जात नाही.

प्रकार असा होता. त्या सुनेच्या जावेची चार वर्षांची लेक दोन दिवस सर्दी-तापानं आजारी होती. पोरीचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. संध्याकाळी तिला दम लागला. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या आणि ओठ काळसर दिसू लागले. सुनेनं सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नीट विचारपूस केली, गाडीत ऑक्सिजन आहे म्हणाल्या, पत्ता विचारला. सुनेनं सांगितलं, चक्कीजवळ. आजी नातीला शालीत गुंडाळून चक्कीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली.

आता, त्या कोपऱ्यावर चक्की नाही. ती बंद पडून इतकी वर्षं झाली की माझ्या मुलानं ती पाहिलेलीच नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. पण आम्ही सगळे त्या कोपऱ्याला चक्कीच म्हणतो. माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेतही 'चक्कीजवळ' असंच छापलं होतं, आणि वऱ्हाड बरोबर आलं होतं. तेव्हा चक्की होती. दरम्यान वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, बायपासच्या अंगाला, एक नवी गिरणी निघाली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर पुसेगावकडचा, हिंगोलीत नवा. त्यानं रस्त्यावर विचारलं, चक्की कुठं? लोकांनी दाखवली ती नवी. त्यानं तिथून फोन केला, की मी चक्कीसमोर उभा आहे, इथं कोणीच नाही. इकडून सून सांगतेय, आम्हीही चक्कीसमोरच उभ्या आहोत. दोघंही खरं बोलत होते. मधे सारी वस्ती, अंधार आणि पाच फाटे. फोनवर "लिंबापासून वळा" सांगून काय उपयोग? त्याला लिंब कुठला ते माहीत नव्हतं, आणि आमच्याकडे लिंब एक नाही.

आजी कोपरा सोडायला तयार नव्हती. गाडी इकडून आली आणि आपण तिकडं गेलो तर पुन्हा चुकामूक व्हायची. तिचं म्हणणं बरोबर होतं. सुनेला दुसरं काही सुचेना, तेव्हा जिथून आवाज येत होता तिथं ती धावत आली.

मी थाळी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कमी ऐकू येतं, झालं काय ते त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की पोरानं तिसऱ्या कडव्यावर आरती सोडली.

माइकवर मी काय बोललो ते मला धड आठवत नाही, पण बायकोला आठवतं, आणि ती माझ्या आवाजात म्हणून दाखवते. "आरती थांबली आहे. जुन्या चक्कीवर लेकराला दम लागलाय. गाडी नव्या गिरणीपाशी उभी आहे. सगळ्यांनी आपापल्या आरतीच्या जागेवर जा आणि गाडीला वाट दाखवा." मग म्हणे मी भोंग्यावरच "माफ करा" म्हणालो. कोणाला म्हणालो ते मलाच ठाऊक नाही.

त्यानंतर मी देवळाच्या पायरीवर आलो, आणि जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. शनिवारी थाळीची वाट पाहत जिथं जिथं माणसं उभी राहतात, तिथं तिथं माणसं उभी होती. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या हातात मोबाइलची बत्ती. नळाजवळच्या बाईनं एक हात वर धरला होता आणि दुसऱ्या हातानं डावीकडे दाखवत होती. तिच्या पुढच्या वळणावर दोन म्हातारे, त्यांच्या पुढे हौदापाशी कोणीतरी. चुकीच्या फाट्यांच्या तोंडाशी बायका आडव्या उभ्या राहिल्या होत्या, गाडी तिकडे शिरूच नये म्हणून. हे मी भोंग्यावर सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सुचलं. ज्या जागेवरून एरवी भांडणं होतात त्या जागेवर जो तो उभा होता, आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

गाडी आली. एका हाताकडून ती दुसऱ्या हाताकडे सोपवली जात होती. कुठंही थांबली नाही. माझ्यासमोरून वळली तेव्हा मीही हात वर केला, जरी मी कोणत्याच फाट्यावर उभा नव्हतो.

मी मागोमाग धावत कोपऱ्यावर पोचलो तेव्हा पोरीच्या तोंडावर मास्क लावून झाला होता. आजी स्ट्रेचरचा दांडा धरून उभी होती आणि गाडीतल्या डॉक्टर मुलीला सांगत होती, की तिला झोपवू नका, बसवल्यावर तिला बरं वाटतं. डॉक्टरनं तिचं ऐकलं, पोरीला टेकून बसवलं. ड्रायव्हरनं दार लावता लावता माझ्याकडे बघितलं.

"एवढे हात माझ्या लग्नाच्या वरातीत बी नव्हते, म्हाराज," तो म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

मी देवळात परतलो. वाटेत मनाशी ठरवलं होतं, हातपाय धुऊन आरती पहिल्यापासून म्हणायची, म्हणजे दोष राहणार नाही. वडील खुर्चीतच बसले होते. थाळी मांडीवर, वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून एका हाताचा आडोसा धरलेला. तोवर बायकोनं त्यांच्या कानात सगळं सांगितलं होतं. मी थाळी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

"आज ऱ्हाऊ दे," म्हणाले.

मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा झाली, संध्याकाळची आरती झाली, सगळं रोजच्यासारखं. मी दोनदा विषय काढला, की बाबा, शनिवारची आरती पुरी करून टाकू का? दोन्ही वेळा त्यांनी उलट मलाच विचारलं, "पोरगी आली का?" मी म्हणायचो, दवाखान्यात आहे, बरी आहे, अजून सोडलं नाही. त्यावर ते नुसती मान हलवायचे. मी आपला घुटमळत राहिलो. माझ्या चुकीची शिक्षा म्हणून ते मला टांगून ठेवतायत असं मला वाटत राहिलं. बायको वैतागली. "त्यांना पोरीची काळजी आहे, तुम्हाला तुमची," म्हणाली. खरं होतं.

पुढच्या शनिवारच्या आधी पोरगी घरी आली. ऊसतोडीवरून आई-बापही आले होते. त्या शनिवारी संध्याकाळी देवळात मावेनात एवढी माणसं. मी नेहमीप्रमाणे पहिल्या कडव्याला सुरुवात करणार, तोच वडिलांनी खुर्चीतून माइक मागितला. कित्येक वर्षांत त्यांनी माइक धरला नव्हता. आवाज कापरा, पण सूर जागचा. त्यांनी तिसऱ्या कडव्यापासून उचललं. मी जी ओळ पुरी करून थांबलो होतो, तिच्या पुढच्याच ओळीपासून. ती ओळ कुठली हे माझं मलाच माहीत आहे, असं मला वाटत होतं.

शेवटच्या कडव्याला माणसं आपापल्या जागांवर गेली. मी थाळी घेऊन निघालो. नळापाशी, हौदापाशी, लिंबाखाली. कोणी ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावला की मला वाटायचं, आपणच यांच्या पाया पडावं. पण पुजाऱ्यानं असं केलं तर लोक घाबरतात, म्हणून नाही केलं. चक्कीच्या कोपऱ्यावर, म्हणजे मोबाइलच्या दुकानासमोर, आजी नातीला कडेवर घेऊन उभी होती. पोरगी वाळली होती, पण डोळे लकाकत होते. मी थाळी तिच्यापुढे धरली. आजीनं तिचा हात ज्योतीवर न्यायला धरला, तेवढ्यात पोरीनं गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली. निरांजन विझलं.

आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गाढवे," म्हणून तिनं नातीच्या पाठीत हलकीच चापट दिली आणि माझ्याकडे हात जोडू लागली. "लेकरू हाय म्हाराज, दवाखान्यात तिला फुंकायला शिकवलं, तवापासून दिसंल ते फुंकून राह्यली."

आरती फिरताना ज्योत विझणं आमच्यात वाईट समजतात. एरवी मी आठवडाभर झोपलो नसतो. त्या दिवशी मी तिथंच उभा राहून हसलो, आणि दुकानदाराकडून काडेपेटी घेऊन ज्योत पुन्हा लावली.

परत आल्यावर मात्र वडिलांना सांगणं भाग होतं. त्यांच्यापासून असं काही लपवायला मला जमत नाही. त्यांच्या कानाशी वाकून मी सांगितलं, की चक्कीवर पोरीनं ज्योत विझवली.

"फुंकून?"

"फुंकून."

"एका फुंकरीत?"

मी हो म्हणालो. वडिलांनी थाळी माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मंग झाली आरती पुरी."