मुर्सलचं बी

ग्रोहोतेन गावात चहा म्हणजे पानाफुलांचा काढा, आणि तो पिणारा माणूस म्हणजे आजारी माणूस. धडधाकट लोक सकाळी कॉफी पितात आणि संध्याकाळी घरी गाळलेली राकिया, फळांची दारू. कुणाच्या हातात चहाचा कप दिसला, की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, "काय होतंय?" रादोय मात्र गेली चाळीस वर्षं दिवसातून चार वेळा चहा पीत होता आणि त्याला काहीही होत नव्हतं. मिंचोच्या खानावळीत तो शिरला, की मिंचो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "रादोयदादा, आज कुठला आजार?"

"सकाळी छाती भरली होती," रादोय शांतपणे म्हणायचा. "आता पोटाचा दे. पुदिन्याचा."

ही आवड त्याला नोकरीनं लावली होती. गावाच्या तोंडाशी एक दगडी वखार होती. डोंगरातून बायामाणसं फुलं, पानं, मुळं वेचून आणत आणि रादोय ती तोलून सरकारसाठी ठेवून घेई. सव्वीस वर्षं त्यानं हे काम केलं. पोत्याचं तोंड उघडताच माल कुठल्या उतारावरचा, कधी तोडलेला आणि कुणाच्या पोटमाळ्यावर वाळवलेला, हे तो नुसत्या वासावरून सांगे. वखार बंद झाली, पण वास नाकातून गेले नाहीत. घरी फळीवर ओळीनं बरण्या, प्रत्येकीवर वनस्पतीचं नाव आणि वर्ष. सकाळी रानातला ओवा, तिखट आणि जाग आणणारा. जेवणानंतर पुदिना. दुपार कलली की लिंडन झाडाची गोड वासाची फुलं, पण ती उकळायची नाहीत, नुसत्या गरम पाण्यात झाकून ठेवायची. संध्याकाळी रानगुलाबाची फळं, रात्रभर भिजवलेली. बायको गेल्यावर त्यानं स्वयंपाकात बरीच काटछाट केली, पण चहाच्या वेळा कधी चुकवल्या नाहीत.

मुर्सलची बरणी मात्र तो क्वचितच उघडायचा. मुर्सल चहा गावावरच्या चुनखडीच्या कड्यात, भेगांमध्ये उगवायचा. लोकरीसारखी रुपेरी पानं आणि फिकट पिवळ्या फुलांचा तुरा. तो चांगला उकळावा लागतो, मग रंग तांबूस होतो आणि मधाची चव येते, त्यामागून दगडावर ऊन पडल्यावर जो वास येतो तसा काहीतरी. उगवायचा, असंच म्हणायला हवं, कारण आता कडा बोडका होता.

तो कसा बोडका झाला, हे रादोयइतकं कुणालाच नीट माहीत नव्हतं. नियम असा होता, की तुरा कात्रीनं कापून आणायचा, मूळ जागच्या जागी ठेवायचं. एका वर्षी वरून जादा मालाची मागणी आली. माणसं घाईनं झाडं उपटू लागली. मुळाला माती असते आणि माती वजनात जाते. पहिल्या दिवशी रादोयनं मुळं छाटायला लावली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कड्यावर लोंबकळून आलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या, गुडघे सोललेले, आणि खालच्या गावची वखार मुळासकट माल घेतेय असं त्या सांगत होत्या. रादोय म्हणाला, "ठेवा तसंच." तीन उन्हाळे तसंच चाललं. चौथ्या उन्हाळ्यात वेचणाऱ्यांत सगळ्यांत तरबेज असलेली सेवदा रिकामी थैली घेऊन आली आणि म्हणाली, "संपलं बघ."

रादोयला कुणी दोष दिला नाही. देणार कोण? सगळ्यांचेच हात त्यात होते. पण त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो कडा समोर दिसे आणि रोज चार वेळा कप घेऊन तो त्याच खिडकीशी बसे.

एकाहत्तराव्या वर्षी त्यानं मनाशी ठरवलं, की पाय चालताहेत तोवर कड्यावर पुन्हा मुर्सल लावायचा. दरीतले शेतकरी वाफ्यांत मुर्सल करत, त्यांची रोपं विकत मिळत. पण ती दुसऱ्या डोंगराची. या कड्यावरचं एकच झाड त्याला एका ऑगस्टमध्ये उंच भेगेत सापडलं. त्यानं एका तुऱ्याचं बी झाडून घेतलं आणि बाकीचं झाडाला ठेवलं. पुढच्या वर्षी पाहिलं, तर दरड कोसळून ती भेगच उरली नव्हती.

बी खसखशीपेक्षा थोडं मोठं, काळपट आणि हट्टी. पहिल्या खेपेला साध्या पाण्यात भिजवून पेरलं, काहीच वर आलं नाही. दुसऱ्या खेपेला चार कोंब आले आणि दोन दिवसांत बुरशी लागून त्यांनी माना टाकल्या. तेव्हा त्याला आईची आठवण झाली. ती मिरचीच्या रोपांना कॅमोमाइलच्या फुलांचा गार चहा घालायची. "याच्यानं रोपं आडवी पडत नाहीत," म्हणायची. एका जुन्या शेती पंचांगात त्यानं असंही वाचलं होतं, की कडक सालीचं बी फिक्या काळ्या चहात, म्हणजे गावात ज्याला रशियन चहा म्हणतात त्यात, दिवसभर ठेवलं की साल मऊ पडते. हसू आलं त्याला. जन्मभर चहा प्यायला आणि हे कधी सुचलं नाही.

बिया उरल्या होत्या एक्केचाळीस. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं रशियन चहा केला, अर्धा आपण प्यायला, उरलेल्यात पाणी घालून गार केला. खिडकीत तीन कप मांडले. पहिल्यात फिका चहा, दुसऱ्यात थोडा गडद, तिसऱ्यात कॅमोमाइल. प्रत्येकात बिया सोडल्या आणि कपांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : १, २, ३. वर बशा झाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहिल्या बसनं स्मोल्यानला, जिल्ह्याच्या गावी गेला. मुर्सल वेचायला आता बंदी होती, म्हणून बी घेण्याचा आणि रोपं लावण्याचा परवाना त्याला वनखात्याच्या कचेरीतून हवा होता.

हिवाळ्यात तो गावाला गेला, की शेजारची सेवदा येऊन चूल पेटवून जाई, नाहीतर नळ गोठायचे. त्या दिवशीही ती आली. बिछाना नीट घातलेला, घर गार, आणि खिडकीत बशा झाकलेले तीन कप, त्यांच्यावर आकडे.

दुपारी रादोय परवाना खिशात घेऊन आला, तेव्हा अंगणातच लिंडनचा वास आला. दार उघडलं, तर स्वयंपाकघरात सेवदाच्या फोनवरून शहरातून धावत आलेली त्याची लेक एल्का कोटासकट उभी होती, डोळे लाल. सेवदा चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती.

"बाबा! कुठं होतास तू?" एल्का म्हणाली. "मी स्मोल्यानच्या दोन्ही इस्पितळांत फोन केले!"

"इस्पितळात कशाला? मी वनखात्यात होतो."

"तिथं काय उपचार करतात?" सेवदा पळी रोखून म्हणाली. "मला काय कळत नाही होय? तीन-तीन चहा, एकामागून एक घ्यायचे, वर नंबर घातलेले! माझा नवरा गेला ना, तेव्हासुद्धा डॉक्टरनं दोनच सांगितले होते."

रादोयची नजर खिडकीकडे गेली. कप धुऊन पालथे घातले होते.

"त्यातला चहा कुठाय?"

"फेकला. गार चहा आजाऱ्याच्या घरात ठेवत नाहीत, रोग मुरतो. ताजा केलाय, बस आणि पी."

"कुठं फेकलास, सेवदा?"

त्याच्या आवाजानं तिची पळी थांबली. "मागच्या दारी," ती म्हणाली. "बर्फात."

कपांत मुर्सलचं बी होतं हे कळल्यावर तिघंही मागच्या दारी बर्फात गुडघे टेकून बसले. तपकिरी डाग पडलेला बर्फ त्यांनी पिठाच्या चाळणीनं उचलला, चुलीपाशी वितळवला, एल्काच्या रुमालातून गाळला. अकरा बिया सापडल्या. परवान्याचा कागद सेवदानं वाचून पाहिला, पुन्हा घडी केली आणि घरी गेली. संध्याकाळच्या बसनं एल्का परतली. जाताना म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी कपावर 'बी' असं लिही. माझा अर्धा जीव गेला."

त्या अकरा बिया रादोयनं ट्रेमध्ये चाळलेल्या वाळूत पेरल्या आणि रोज कॅमोमाइल घातला. तीन उगवल्या. सेवदा एकदिवसाआड दाराशी येई, आत येत नसे. "काय?" एवढंच विचारी. "तीन," तो सांगे. मग दोन. एप्रिलच्या शेवटी एक. मे महिन्यात त्यानं ट्रे अंगणात रिकामा केला, तेव्हा ती कुंपणाशी उभी होती.

"संपलं?"

"संपलं. तुझी चूक नाही. अकरांतून तीन आल्या, म्हणजे एक्केचाळिसांतून फार तर अकरा आल्या असत्या. आणि त्याही तगल्या असत्याच असं नाही."

"हिशोब नको सांगूस," सेवदा म्हणाली. ती आत आली, बाकावर बसली. त्यानं पुदिन्याचा चहा पुढं केला, तो तिनं आजारी नसतानाही घेतला. मग म्हणाली, "तुझ्या वखारीत मी किती वर्षं माल आणला?"

"सव्वीस. पहिल्या दिवसापासून."

"एका जागेचा माल कधीच आणला नाही."

रादोयनं कप खाली ठेवला.

"माझ्या आईनं दाखवलेली," ती म्हणाली. "तिनंही कुणाला सांगितली नव्हती. दरसाल एक मूठ कापते, घरापुरती. कात्रीनं. तशी मी इतरांसारखीच उपटत होते बरं का, बाकी कड्यावर. वजन भरायचं होतं. पण तिथं नाही."

"मला का नाही सांगितलंस? मी हावरा होतो?"

"छे. हावऱ्याला फसवता येतं. तू कुणाला नाही म्हणत नव्हतास. मी सांगितलं असतं, दुसऱ्या बाईनं विचारलं असतं, तू तिलाही सांगितलं असतंस. ती पोरंबाळंवाली आहे, गुडघे सोललेत, म्हणून."

तीस वर्षं रादोय स्वतःशी त्या तीन उन्हाळ्यांचा जमाखर्च मांडत आला होता. त्यात त्यानं मागणी धरली होती, खालच्या गावची वखार धरली होती, बायकांविषयीची दया धरली होती. एवढी सरळ नोंद त्याच्या हातून झाली नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस सेवदा आली. रुमालाच्या गाठीत बी होतं, काळपट, कोरडं, दोनशेच्या आसपास. "परवाना तुझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर तूच गेला होतास." कुठून आणलं, हे त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हिवाळ्यात बी एका थैलीत घालून त्यानं थंडीत टांगलं. फेब्रुवारीत रशियन चहा केला, अर्धा दोघांनी प्यायला. सेवदाला तो आवडला नाही. "जळक्या गवतासारखा लागतो," म्हणाली, पण कप रिकामा केला. उरलेल्या फिक्या चहात बी एक दिवस आणि एक रात्र राहिलं. मग वाळू, मग रोज कॅमोमाइल. एकोणसाठ रोपं उगवली आणि बुरशी लागली ती फक्त काठाच्या पाचांना.

दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या सोमवारी रादोय ती रोपं पाठीवरच्या टोपलीत घेऊन कड्यावर चढला. सेवदा पायथ्याशी दगडावर बसून राहिली, पाठ कड्याकडे. त्याला वर पाच तास लागले. भेगेत माती कोंबायची, रोप बसवायचं, ओंजळभर पाणी, मग पुढची भेग. उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद होता.

"सगळी लागली," तो म्हणाला. "चल, इथून दाखवतो. ती तांबडी पट्टी दिसते ना खडकाची, तिच्या डाव्या हाताला..."

"मला सांगू नकोस," सेवदा म्हणाली. तिनं वर पाहिलंच नाही. "माझे हात अजून चपळ आहेत, रादोय. आणि मला पुतण्या आहेत, शेजारणी आहेत. त्या विचारतील. तू तुझी जागा ठेव, मी माझी ठेवते."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पाणी घालायला पुन्हा सापडावी म्हणून वर एक खुंटी ठोकून तिला लाल दोरा बांधलाय."

"म्हणजे जागा कुणालाही दिसेल," सेवदा म्हणाली.

रादोयनं टोपली खाली ठेवली. ऊन उतरायला अजून दोन तास होते. ढोपरांवर हात टेकत तो दोरा सोडायला पुन्हा वर चढू लागला.