अर्धं गाऱ्हाणं

आमच्या भयपटात भूत येतं, थेट कॅमेऱ्याकडे बघतं आणि विचारतं, "माझी एन्ट्री झाली का?" ह्या एका वाक्यावर मी किती खूश होते म्हणून सांगू! आपण सिनेमा आहोत हे सिनेमालाच ठाऊक असणं, पडदा आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत पाडणं, तुकडे कापून भलत्याच जागी जोडणं, हे सगळं पोस्टमॉडर्न प्रकरण मी ऑनलाइन कोर्सात शिकले होते. मिरजोळ्याच्या ऑफिसात डबा खाताना रोज तेच ऐकवून मैत्रिणींना वैताग आणला होता. शेवटी दोघी कंटाळून माझ्या सिनेमात भुतं व्हायला तयार झाल्या.

शूटिंग आमच्या गावी केलं. थोरले काका गावचे मानकरी. कुठलंही काम काढलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. ते मोठ्यानं मागणं मागतात आणि जमलेली माणसं दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. शूटिंगच्या आधीही त्यांनी घातलं, मी ते कॅमेऱ्यात घेतलं. त्यांची अट एकच होती. "पिच्चर आधी गावाला दाखवायचा. मी व्हय म्हटलं तरच भायर धाडायचा."

एडिटिंगला बसले आणि माझ्या अंगात कोर्स संचारला. काका म्हणाले होते, "ज्याचा कुणाचा हितं वास आसंल त्यानं फुडं यावं आनि पोरांची राखण करावी." मी "फुडं यावं"वर कापलं आणि धाडकन भूत आणलं. म्हणजे माझ्या सिनेमात काका भुतालाच आवतण देत होते! कसली हुशार मी!

शाळेच्या वर्गात दुपारी, खिडक्यांवर गोधड्या टांगून, गावाला सिनेमा दाखवला. स्पर्धेला पाठवायची मुदत दोन दिवसांवर आली होती. वर्षभराच्या सगळ्या रजा मी ह्या वीस मिनिटांवर उधळल्या होत्या. काका नाही म्हणाले तर सगळं पाण्यात.

भूत एन्ट्रीचं विचारायला लागलं तेव्हा बायका खो खो हसल्या. घाबरलं कुणीच नाही. मग पडद्यावर काका आले, त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि काय सांगू, अख्ख्या वर्गानं हात जोडले! "व्हय म्हाराजा!" पडद्यावरच्या काकांना! मी हवेतच. अहो, भिंत पडली की! तेवढ्यात माझा कट आला, भूत किंचाळलं आणि जोडलेले हात अधांतरीच राहिले.

"थांबव ता," म्हणत खरे काका उठले. मी पॉज दाबला.

"बाय, गाऱ्हाणं अर्धं टाकत नाय कोन. देव तिकडं खोळंबून ऱ्हायलाय."

"चुकलं काका. आजच बसते कॉम्प्युटरवर, नीट करते."

"तवर काय देवाला उभा ठेवतंस?"

ते सरळ पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. प्रोजेक्टरचा उजेड अंगावर, माझं भूत अर्धं त्यांच्या सदऱ्यावर. त्यांनी हात जोडले. "आनि पोरांची राखण करावी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला वाटलं, आता नकार. सिनेमा गेला. पण काकांचे हात जोडलेलेच होते.

"आनि म्हाराजा, आमच्या ह्या बायनं येक उद्योग मांडलाय. मला त्यातलं कायव कळलं नाय. पन तिला कळलंय, आसं तू धरून चाल. काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल, आनि जितं धाडंल तितं तिला यश दे."

"व्हय म्हाराजा!" वर्ग दणाणला. एवढा लांबलचक होकार मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी मात्र पॉजच्या बटणावर बोट ठेवून नुसतीच बघत होते.

काकांनी मागे वळून पाहिलं.

"बाय, तू पन म्हन की. तुझ्यासाठीच मागतोय."