जुनी प्रत जपणारे शंकरराव

शंकरराव पाटणेकर यांची आणि माझी पहिली भेट जोयडा तालुक्यातल्या एका लहानशा कचेरीत झाली. ते दप्तर सांभाळत. मी नवा नक्कलनवीस. मोडीतले जमिनीचे कागद बाळबोधीत उतरवण्याचे काम त्यांनी मला दिले. नवी प्रत झाली की जुनी फाडायची, असा तेव्हा रिवाज होता.

अणशीकडच्या पार्वतीबाई या विधवेच्या कागदातली एक ओळ माझ्याकडून गळली. ती त्यांच्या भातशेताची होती. मूळ प्रत मी फाडली होती. त्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता. पुढे सरकारी रानाची हद्द आखली गेली आणि शेत रानात गेले. तपासणीची सही आपली, म्हणून दोष आपला, असे शंकररावांनी वर लिहून दिले. त्यांची बढती गेली.

मग मला घेऊन ते पार्वतीबाईंकडे गेले. सगळे ऐकून बाईंनी आम्हांला गूळपाणी दिले. म्हणाल्या, "कागद न्हाई तर न्हाई. पर माझ्या मालकानं घातलेला बांध तेवढा बघून जावा." आम्ही तो पाहिला.

त्यानंतर त्यांनी एक साधी वही आखली. प्रत्येक कागदाला कायमचा क्रमांक, त्यापुढे कितवी प्रत तो आकडा. कोणी उतरवली, कशावरून, काय बदलले, हे समोर. जुनी प्रत त्याच पुडक्यात राही. कपाटे भरली, साहेब रागावले, तेव्हा त्यांनी आपले टेबल पुडक्यांना दिले आणि स्वतः चटईवर बसून काम केले.

राज्य बदलले, कागद कानडीत जाऊ लागले. एका वाडीची सगळी शेते नव्या प्रतीतून सुटली. शंकररावांनी वही उघडली, दोन प्रती मागे गेले आणि घटकाभरात त्या शेतांची नोंद शोधून दिली. माणसे पाया पडू लागली, तसे ते उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते रडत होते.

"बाईंना हे सांगायला हवं होतं," एवढेच म्हणाले.

पार्वतीबाई त्याआधीच रामनगरात भावाच्या घरी वारल्या होत्या. त्या होत्या तोवर दर वर्षी उळवीच्या जत्रेहून परतताना शंकरराव त्यांना प्रसाद देऊन येत.

आज शंकररावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नजर मंदावली आहे. ती ओळ कोणी गाळली, हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. म्हणून त्यांच्या या गौरवग्रंथात ते मीच लिहीत आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि माझ्या वाट्याचे ओझे त्यांच्या खांद्यावरून आता तरी उतरो.