पट्टीखालचा हिरवा रंग

विजयमालाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आमच्या रंगमंचाखाली पालथी पडून ती एका वायरला चिकटपट्टी गुंडाळत होती. वर मी भरजरी शालू नेसून राणी झाले होते, आणि खाली ही पोर फ्रॉकला माती लावून माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या खटपटीत होती. तिचा बाप जोतीराम आमच्या नाटक कंपनीचा माईकवाला. बायको लवकर गेल्यामुळे मुलीला तो गावोगाव बरोबरच न्यायचा.

जोतीरामची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अक्कलकोटकडच्या एका जत्रेत तिसऱ्या अंकाला माझ्या पोटात कट्यार बसली आणि मी धाडकन पडले. आता पडदा पडायचा. पण पडदा ओढणारा बसू पलीकडच्या विंगेत पानाला चुना लावत होता. सूचना सांगणारा डावीकडून हात हलवतोय, तबलजी वर बघतोय, बसूला कुणीच दिसत नाही. मी आपली मेलेली. इतक्यात नाकावर डास बसला आणि मी शिंकले. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, मेली न्हाय ती, शिंकली की!" अख्खा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी जोतीरामने दोन्ही विंगांत आणि तबलजीपुढे एकेक लाल बल्ब लावला, आणि तिन्हींचं बटण सूचना सांगणाऱ्याच्या हातात दिलं. तेव्हापासून मी वेळेवर मरू लागले.

कंपनी बंद झाली, जोतीराम गेला. विजयमालाचं लग्न होटगीच्या अभिमन्यूशी झालं. तो रेल्वेत रुळांच्या देखभालीवर आहे. आणि ही गेली अकरा वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये वायरिंगचं काम करते. शनिवारी घरी जाताना ती माझ्याकडे थांबते, चहा स्वतः करते आणि मला बिनसाखरेचा देते.

"तिथं नक्की काय करतेस गं तू?" मी एकदा विचारलं.

"मावशी, सैन्याची गाडी येते आमच्याकडं. रिकामी. तिच्यात आमी रेडिओ बसवतो."

"गाणी ऐकायला?"

"व्हय, तुमचीच!" ती हसली. मग तिने टेबलावर तीन कप मांडले. जवानाच्या छातीवरचा छोटा संच एका तऱ्हेचा, रणगाड्यातला दुसऱ्या तऱ्हेचा, मागे लांबवर बसलेल्या अधिकाऱ्याचा तिसऱ्या तऱ्हेचा. तिघांची भाषा वेगळी. टेकडीमागच्या जवानाला काही सांगायचं असलं तर मधे कुणीतरी एका संचावर ऐकून दुसऱ्यावर बोलायचं, आणि तेवढ्या वेळात काय वाटेल ते होतं. म्हणून मधे ही गाडी. तिच्यात एक पेटी असते, ती तिघांना जोडते. गाडी पळत असली तरी बोलणं तुटता कामा नये.

"पेटी इंजिनिअर लोकांची," ती म्हणाली. "पेटीपतुरच्या वायरी आमच्या."

तिच्या टेबलावर बारा बायका काम करतात. गेल्या वर्षी त्यांची पहिली गाडी पुरी झाली. ती चाचणीत पास झाली तर पुढच्या गाड्या इथेच येणार होत्या, नाहीतर हे सगळं काम पुण्याच्या शेडला जाणार होतं. मालकाने तसं सरळ सांगितलं होतं. बाराजणींत होटगीच्या चौघी होत्या. त्यांना विजयमालानेच आणलेलं. तेव्हा ती गाडी म्हणजे तिच्या जिवाला घोर होता.

पुढचं काही तिने सांगितलं, आणि तिने गाळलं ते शिवप्पांनी.

शिवप्पा म्हणजे शेडचे स्टोअरकीपर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, घरात कानडी, शेडमध्ये मराठी. बाया त्यांना तात्या म्हणतात. खंडेनवमीला शेडमधल्या यंत्रांची पूजा तेच मांडतात. त्या वर्षी पूजेत ही गाडीही होती. आदल्या दिवशी विजयमालाने गाडीच्या आत सहा जागी रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड चकचकीत उघडं केलं होतं. त्या जागी अर्थिंगच्या तांब्याच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. त्या लोखंडाला घट्ट टेकल्या तरच रेडिओ शांत राहतात. पट्ट्या दसऱ्यानंतर बसवू म्हणून ती घरी गेली.

खंडेनवमीला झेंडूची माळ चढली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सासूच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी विजयमालाने रजा घेतली, म्हणून पट्ट्या शिवानीने बसवल्या. शिवानी हुशार, पण नवी. तिसऱ्या दिवशी विजयमाला आली, सहाही बोल्ट हाताने दाबून पाहिले, घट्ट होते. तिने तपासणीच्या कागदावर सही केली. मग शेडमध्ये सगळे रेडिओ लावून बघितले. शेडमध्ये धूर नको म्हणून इंजिन बंदच होतं. आवाज अगदी स्वच्छ आला.

चाचणी मोहोळच्या अलीकडच्या एका माळावर होती. सैन्याचे अधिकारी आले होते, जवानांची एक तुकडी टेकडीमागे, दुसरी चार-पाच किलोमीटरवर. शेडकडून इंजिनिअर ऋतुराज, जादा केबलांची पेटी घेऊन विजयमाला, आणि हत्यारं घेऊन शिवप्पा.

गाडी उभी असताना सगळं छान चाललं. मग अधिकाऱ्यांनी गाडी चालवायला सांगितली. इंजिन सुरू झालं मात्र, कानावरच्या संचात केकाटल्यासारखा सूर उठला. गाडी जोरात गेली की सूर वर चढे, हळू झाली की खाली येई. टेकडीमागचा जवान बोलतोय हे कळे, काय बोलतोय ते कळेना. अधिकाऱ्यांनी कानावरचा संच काढला, घड्याळ पाहिलं आणि अर्ध्या तासाने परत बघू म्हणून तंबूकडे गेले.

ऋतुराज माळशिरसचा, तिशीतला. त्याने मांडीवर लॅपटॉप घेतला. घाम टपटपत होता.

"सर, इंजिन बंद करून परत चालू करा की," विजयमाला म्हणाली.

"ताई, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. तुम्ही केबलची पेटी सांभाळा."

"सांभाळते. पण सूर इंजिनाबरोबर चढतोय. लॅपटॉपला इंजिन कुटं हाय?"

ऋतुराजने लॅपटॉप मिटला. मग त्यानेच चावी फिरवली. इंजिन बंद, सूर बंद. चालू, सूर हजर. विजयमाला रेडिओंच्या मागे घुसली, आडवी झाली आणि पहिल्या पट्टीखाली तिने टॉर्च मारला. बोल्ट घट्ट होता. पण पट्टीच्या कडेला लष्करी हिरव्या रंगाचा ताजा ओघळ होता. तिने बोल्ट सोडला. चकचकीत लोखंडाच्या जागी गुळगुळीत हिरवा रंग.

मागून शिवप्पांचा आवाज आला. "मीच लावला की गं तो."

"काय?"

"पूजेला गाडी, आन् सा जागी कातडं सोलल्यागत उगडं लोखंड. बरं दिसंना मला. ब्रश घिऊन झाकलं." "मी सायबांना जाऊन सांगतो."

"मग सांगा. आदी पाना द्या. आन् टॉर्च हितं धरा."

सहा जागा आणि वीस मिनिटं. एक बोल्ट सोडायचा, रंग खरवडायचा, पुसायचं, पट्टी बसवायची, आवळायचं. तिसऱ्या जागेला तिच्या बोटाचं साल निघालं. ऋतुराज शर्टाच्या बाह्या वर सारून बाजूला येऊन बसला. "एक पेपर मला द्या," म्हणाला. त्याने दोन जागा केल्या. एक नीट झाली नव्हती. ती तिने पुन्हा घासली.

अधिकारी आले. इंजिन सुरू झालं, गाडी माळावर उधळत निघाली. आत सगळे कान देऊन. सूर नव्हता. सूर नाही यावर विश्वास बसेना म्हणून विजयमाला नुसती रेडिओंकडे बघत राहिली. तेव्हा अधिकाऱ्यांनीच आपला संच काढून तिच्या कानाला लावला. टेकडीमागचा जवान लांबच्या तुकडीला शेजारी बसल्यासारखा विचारत होता, "चाय बची है क्या?"

"खतम. तू पहाड़ के पीछे ही बैठ."

गाडीतले सगळे हसले. विजयमालाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. हे तिने सांगितलं नाही, हे शिवप्पांनी सांगितलं.

उतरल्यावर अधिकाऱ्यांनी बिघाड कशाचा होता ते विचारलं. शिवप्पा एक पाऊल पुढे आले. त्यांच्या आधी विजयमाला बोलली.

"पट्ट्यांखाली रंग राहिला होता, साहेब. तपासणीची सही माझी हाय. मी बोल्ट दाबून बघितले, सोडून बघितले न्हाईत."

अधिकाऱ्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. त्यांनी कागदावर लिहिलं ते ऋतुराजने नंतर वाचून दाखवलं: गाडी पास, यापुढे शेडमध्येच इंजिन चालू ठेवून चाचणी घ्यावी. दार उघडं ठेवा, धूर बाहेर जाईल, एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती.

मी ऐकून तिला रागे भरले. "अगं, म्हाताऱ्याने केलं, तू का अंगावर घेतलंस?"

"अंगावर कुटं घेतलं, मावशी? रंग त्येंनी लावला, सही मी केली. सायबांनी बिघाडाचं विचारलं, मी माझी चूक सांगितली. त्येंची त्येंनी सांगायची, ती मालकाला सांगितली त्येंनी. मालक जरा ओरडला, मग चहा पाजला."

रंगमंचावर साठ-सत्तर जणांबरोबर मी काम केलं. विसरलेलं वाक्य दुसऱ्याच्या गळ्यात टाकणारे मी पुष्कळ पाहिले, मीही टाकलंय. आपली चूक नेमकी आपल्यापुरती उचलणारी माणसं फार थोडी भेटली.

दुसरी गाडी संक्रांतीनंतर आली. ती आली त्या दिवशी शिवप्पा हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन विजयमालाच्या टेबलाशी आले आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवले.

"हे आता तुज्याकडं ठेव, विजव्वा. माज्या हाताला खोड हाय."

तिने डबा त्यांच्याकडे सरकवला. "रंग तुमीच लावायचा, तात्या. तुमच्यागत सफाई कुनाला हाय? फकस्त मी पट्ट्या बसवून झाल्यावर, वरनं."

मग शिवानीला तिने गाडीत नेलं आणि बोल्ट कसा सोडून बघायचा ते दाखवलं. बाहेर दाराशी शिवप्पा ब्रश धुऊन, हात बांधून वाट बघत उभे होते.