आत्यांच्याच हातून बिघडणारा कीबोर्ड

सात मार्चला, शनिवारी, आत्यांनी सतरा हजार सहाशे चाळीस रुपये मोजून एक वापरलेला कीबोर्ड विकत घेतला. पैसे त्यांचे स्वतःचे होते. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून, घरखर्चाला हातभार लावून जे मागे राहिलं त्यातले. दुकानदाराने पावतीवर लिहून दिलं होतं की पंधरा दिवसांत वाद्यात खोट निघाली तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर तक्रार ऐकली जाणार नाही. ती पावती त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, लगेच भोकं पाडून फाइलला लावली. दादा एका गोदामात हिशेबनीस होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कागदाला भोकं पाडायचं यंत्र त्यांच्या हाताशीच असे.

"छप्पन्नाव्या वर्षी हे काय खूळ?" दादा म्हणाले.

"पंचावन्नाव्या वर्षी पैसे पुरत नव्हते," आत्या म्हणाल्या.

खरं तर हे खूळ फार जुनं. विशीत असताना त्या एका शाळेचे गणवेश शिवून द्यायच्या. गठ्ठा घेऊन ऑफिसात थांबलं की शेजारच्या खोलीतून पियानो ऐकू यायचा. एकदा गाण्याच्या बाईंनी त्यांना आत बोलावून एक पट्टी दाबू दिली. एकच. तो स्वर ऐकून आत्या घरी आल्या त्या गणवेशाची बिलं तिथेच विसरून. पुढे आईचं आजारपण, मग भावाचा संसार, मग भाचीची शाळा. लग्न राहून गेलं, पियानोही राहून गेला. लग्नाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

कीबोर्ड त्यांच्या शिलाईच्या खोलीत, खिडकीजवळ, कापड बेतायच्या टेबलावर बसला. पहिल्या संध्याकाळी त्यातून चकार शब्द निघेना. दादांनी माहितीपुस्तक उघडून आवाजाची सगळी बटणं क्रमाने दाबली. वहिनी म्हणाल्या, "गंडवलं वाटतं दुकानदाराने." शेवटी भाची कॉलेजातून आली, तिने मागे वाकून पाहिलं आणि एक पिन उपसून काढली. आदल्या मालकाच्या हेडफोनचा जोड तिथेच राहिला होता. कीबोर्डला वाटत होतं की कुणीतरी कानाला लावून ऐकतंय, म्हणून तो बाहेर गप्प. दादांनी एवढी बटणं दाबून ठेवली होती की पिन निघताच एकदम ढोल वाजायला लागले आणि वहिनींच्या हातातला पेला पडला.

खरी कटकट सुरू झाली ती चौथ्या दिवशी, पायाच्या पेडलवरून. हा पेडल दुकानदाराने वरती फुकट दिला होता. दाबून धरला की स्वर रेंगाळतो, सोडला की थांबतो, एवढंच त्याचं काम. आत्यांच्या घरी तो बरोबर उलटा चालू लागला. पाय उचलला की स्वर एकमेकांत मिसळत जायचे, ओल्या कापडावर शाई पसरावी तसे. दाबला की तुटक आवाज. गंमत अशी की दादांनी उभ्या उभ्या चालू करून हाताने पेडल दाबून पाहिला तर सगळं ठीक. भाचीने लावला तरी ठीक. आत्या बसल्या की पसारा.

"तुझ्यावर खार खाऊन आहे तो," दादा म्हणाले.

"तुमच्या घराण्यातलाच दिसतोय," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

बाजाराच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करणारा एक कारागीर होता. सगळे त्याला वायरवाला म्हणत. पन्नाशीचा, मितभाषी, चष्मा कायम कपाळावर. भाचीने कीबोर्ड आणि पेडल रिक्षातून त्याच्याकडे नेलं. दोन दिवस त्याने ते ठेवून घेतलं आणि कळवलं की दोष काहीच नाही. घरी आणल्यावर आत्या बसल्या आणि पुन्हा तेच. त्याने पेडल बदलून दिला. पुन्हा तेच. तेव्हा त्याने फोनवर विचारलं, "आत्या, कीबोर्ड चालू करता तेव्हा पेडलवर पाय असतो का तुमचा? चालू होताना पेडल दाबलेला असेल तर कीबोर्ड त्यालाच सोडलेला समजतो. मग पुढे सगळं उलटं."

"छे! मी कशाला ठेवीन पाय?" आत्या ठामपणे म्हणाल्या. "चालू करताना पायाचं काय काम?"

"पुस्तकातही तेच लिहिलंय, पान एकवीस," दादा मागून ओरडले. "मी तिला वाचून दाखवलं होतं."

"आणि मी ऐकलं होतं," आत्या म्हणाल्या.

आत्या खोटं बोलत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दिलेल्या तारखेला कपडा मिळणार नसेल तर त्या तसं आधीच सांगत. त्यामुळे वायरवाल्यानेही हात टेकले. म्हणाला, पेडल जिथे जोडतात तिथेच आत काहीतरी असेल, दुकानदाराला परत करा.

बावीस मार्च, रविवार. पंधरावा दिवस. दुकान सहाला बंद होणार होतं. दादांनी सकाळीच खोकं माळ्यावरून काढून पुसून ठेवलं. "पैसे आले की मुदत ठेवीत टाकू," ते म्हणाले. त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण आत्यांना दादांच्या मुदत ठेवी माहीत होत्या. तिथे गेलेला पैसा पुन्हा उजेड बघत नसे. मुदत संपली की दादा त्याची नवी मुदत करत. आज कीबोर्ड गेला तर दुसरा येणार नव्हता, हे त्या न सांगता समजून होत्या. जेवताना त्या फक्त वरणभात चिवडत बसल्या आणि वहिनींनी नेहमीसारखं टोकलं नाही.

दुपारी अडीचला आत्यांनी स्वतः वायरवाल्याला फोन लावला. "परत करायच्या आधी एकदा घरी येऊन बघता का? येण्याचे काय ते पैसे देईन."

तो तीनला आला. हत्यारांची पिशवी त्याने दारातच ठेवली. "मी कशाला हात लावणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही रोज करता तसं करा. मी इथे कोपऱ्यात बसतो. विचारून कळलं नाही, आता बघतो."

आत्या आल्या. स्टूल ओढलं, पदर खोचला, बसल्या. उजवा पाय टेबलाखाली गेला आणि पेडलवर घट्ट बसला. मग त्यांनी हात पुढे करून बटण दाबलं.

"थांबा," वायरवाला म्हणाला. "पाय कुठे आहे?"

आत्यांनी वाकून पाहिलं. स्वतःच्याच पायाकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा कधी गेला तिथे?"

पस्तीस वर्षं शिलाई मशीनवर बसताना आधी पाय खाली पायट्यावर, मग हात चाकावर. स्टुलावर बसलं की पाय विचारायला येत नसे. वायरवाला एवढा हसला की कपाळावरचा चष्मा नाकावर आला. दादाही हसले, पण आधी पान एकवीस उघडून सगळ्यांना दाखवलं.

कळलं म्हणून पाय ऐकतो थोडाच! कीबोर्ड बंद करून पुन्हा करून बघितलं. पाय पेडलवर. पुन्हा. पाय पेडलवर. तिसऱ्या वेळी भाचीने टेबलाखाली शिरून घोटा धरून ठेवला.

"अगं सोड, गुदगुल्या होतात!"

"आत्या, तू जोर लावतेयस!"

"मी नाही, तो लावतोय!"

साडेचार वाजले. दादा खोक्याशेजारी उभे होते, पण खोकं उचलत नव्हते. वायरवाल्याने खोलीभर नजर फिरवली. दारापाशी भिंतीवर एक प्लग आणि त्याचं बटण होतं, टेबलापासून चार पावलं लांब. त्याने पिशवीतून लांब वायर काढली, त्या प्लगपासून भिंतीच्या कडेकडेने टेबलापर्यंत नेऊन कीबोर्डला जोडली, आणि म्हणाला, "कीबोर्डवरचं बटण कायम चालूच राहू दे. त्याला हात लावायचाच नाही. दारातून आत येताना भिंतीवरचं बटण दाबायचं, मग येऊन बसायचं. तोवर तो जागा झालेला असतो. मग पाय कुठेही जाऊ दे."

आत्या दारापर्यंत गेल्या. बटण दाबलं. कीबोर्डवरचा लाल दिवा लागला. चार पावलं चालून त्या बसल्या, आणि पाय आपल्या जागी गेलाच. त्यांनी एक पट्टी दाबली, पाय दाबून धरला. स्वर रेंगाळला. पाय उचलला. स्वर थांबला, कात्रीने दोरा कापावा तसा. मग त्यांनी कीबोर्ड घेतल्यावर लावलेल्या क्लासमध्ये शिकलेल्या चार ओळी वाजवल्या. तिसऱ्या ओळीत चुकल्या, थांबल्या, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दादांनी खोकं उचललं आणि माळ्यावर ठेवून आले. "रिकामंच ठेवलंय," ते म्हणाले. "जागा फार खातं."

सहा वाजून गेले तेव्हा आत्या वाजवतच होत्या आणि वहिनी बाहेरून सांगत होत्या की तिसरी ओळ आता त्यांनाही पाठ झाली.

येण्याचे दीडशे रुपये वायरवाल्याने त्याच दिवशी घेतले. वायरचे पासष्ट रुपये अजून द्यायचे आहेत.