भूगोलाच्या तासाला बांधाचं भांडण

‘दिपोटीसाहेब, हा बांध पुसा, न्हाईतर मी हितनं उठत न्हाई,’ असं म्हणून कोंडिबा थेट पवना नदीत बसले.

नदी निळीची होती. पुनावळ्याची शाळा तेव्हा, एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत, मारुतीच्या देवळात भरायची. देवळापुढच्या अंगणात तिसरीच्या पोरांनी गावाचा नकाशा काढला होता. नदीला नीळ, वाटांना राख, शेतांच्या बांधांना चुन्याची फक्की.

मी शिक्षणखात्यात होतो. शाळा तपासणाऱ्याला गावं दिपोटी म्हणत. त्या वर्षी मात्र माझ्याकडे नवा सिलॅबस लिहायचं काम आलं होतं. तोवर तिसरीचा भूगोल म्हणजे तालुके आणि नद्या पाठ करणं. पोरं घडाघडा म्हणत, पण आपली पवना कुठल्या दिशेला वाहते विचारलं की गुरुजींच्या तोंडाकडे बघत. मी लिहिलं, आधी शाळा, मग गाव, मग तालुका. छापण्याआधी सिलॅबस एखाद्या शाळेत चालवून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. आमची ट्रायल इथं. आणि ती बघायला डायरेक्टरसाहेब येणार होते. त्यांना पटलं नाही, तर सगळ्या पोरांच्या नशिबी पुन्हा तीच घोकंपट्टी.

साहेबांच्या आधी गाव आलं. कोंडिबा आणि त्यांचे थोरले चुलतभाऊ गणपतराव यांच्यात बांधावरून बोलचाल बंद होती.

‘बांध माझ्या रानात सरकवलाय,’ कोंडिबा म्हणाले.

‘उलटं हाय!’ गणपतराव आमच्याकडे बघून ओरडले. ‘माझंच रान गिळलंय पोरांनी!’

शाळेचे गुरुजी मोठे गुणी. नकाशाची कल्पना त्यांचीच. पण आता त्यांनी खराटा उचलला. ‘साहेब, पुसून टाकू का?’

पोरांचे चेहरे उतरले. तेवढ्यात जीप थांबली.

‘काय चाललंय हे?’ डायरेक्टरसाहेबांनी विचारलं.

‘भूगोलाचा तास, सर.’ मला दुसरं काही सुचलं नाही.

साहेब नकाशाभोवती फिरले. नदीतल्या कोंडिबांना त्यांनी वळसा घातला. ‘हा बांध कुणी काढला?’

दोन हात वर झाले. एक कोंडिबांच्या नातवाचा, दुसरा गणपतरावांच्या.

‘दोघांनी मिळून?’

‘व्हय,’ कोंडिबांचा नातू म्हणाला. ‘गुरं राखताना आमी तितंच बसून भाकरी खातो. ह्याच्या आजीचा ठेचा लई झ्याक असतो.’

मग कोंडिबांनी खाली बघतच विचारलं, ‘वैनी अजून तसाच करत्यात व्हय?’

‘ये की खायाला,’ गणपतराव म्हणाले. ‘कुणी अडवलंय?’

कोंडिबा उठले. धोतराला निम्मी पवना लागली होती. मला त्या दोघांचा इतका लोभ वाटला की काय सांगू. बांधाचा वाद काही मिटला नाही. देवळाच्या पायरीवर बसून ते पुन्हा त्यावरच भांडू लागले, पण एकमेकांशी बोलून.

साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, ‘सिलॅबस पास. फक्त एक वाक्य घाला. नकाशात बांध दाखवू नयेत.’

घातलं. पुढं सिलॅबस लिहिणाऱ्या नव्या मंडळींना मी सांगायचो, धडा पोरांच्या घरी पोचवायचा असेल, तर घरची माणसं शाळेत भांडायला येणार हे धरून चाला. नाही आली, तर धडा पोचला नाही असं समजा.